'कॉमन' : कोणाला कॉमन?

'कॉमन' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ विद्यार्थ्याला विचारला की 'सामान्य' असे उत्तर येते. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. या शब्दाला तीन ठळक अर्थ आहेत आणि त्यांत समाजाची उतरंडही दडलेली आहे.

मूळ शब्द लॅटिन 'कम्युनिस'. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. पहिला अर्थ सामाईक. 'कॉमन वॉल' म्हणजे दोन घरांची सामाईक भिंत. दुसरा अर्थ नेहमी आढळणारे. 'कॉमन कोल्ड' म्हणजे साधी सर्दी, 'कॉमन मिस्टेक' म्हणजे नेहमी होणारी चूक. तिसरा अर्थ हलका, असंस्कृत. इंग्लंडात एखादीला 'शी इज कॉमन' म्हणणे म्हणजे तिचा वर्ग काढून तिला हिणवणे होय. जे बहुसंख्यांचे ते हलके, ही वरच्या वर्गाची दृष्टी या अर्थात मुरलेली आहे.

पहिल्या अर्थी या विशेषणामागे बहुधा 'टू' येतो : 'कॉमन टू बोथ', दोघांनाही समान. म्हणजे 'कोणाला?' हा प्रश्न व्याकरणातच आहे. इतिहासातही तोच विचारावा लागतो.

इंग्लंडातील 'कॉमन लँड' सर्वांच्या मालकीची नव्हती. मालकी बहुधा जमीनदाराची असे. ठरावीक गावकऱ्यांना तीवर गुरे चारण्याचा, सरपण नेण्याचा हक्क असे. या हक्कदारांना 'कॉमनर' म्हणत. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे करून अशा व इतर जमिनींना कुंपणे घातली. गरिबांचे चराऊ रान गेले. आज 'कॉमनर' म्हणजे उमराव नसलेला, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते.

गोव्यातील 'कोमुनिदाद' या पोर्तुगीज नावातही तोच लॅटिन शब्द आहे. जमीन गावची, सामाईक. पण परंपरेने तो हक्क गावकार घराण्यांच्या पुरुष वंशजांचा. गावात राबणारे इतर लोक आणि स्त्रिया त्या सामाईकपणाबाहेर राहिल्या.

आपल्याकडची 'गावची विहीर' याहून निराळी नव्हती. विहीर गावची, पण महारवाडा, मांगवाडा गावात धरलेला नाही! १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने बोले ठराव केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. तरी पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. पुढे स्पृश्यांनी तळ्यावर आपलाच हक्क सांगत कोर्टात दावा लावला; १९३७ साली मुंबई हायकोर्टात ते हरले. 'सार्वजनिक' या शब्दात आपणही आहोत, हे सिद्ध करायला दहा वर्षे लागली.

म्हणून शिक्षकांनी 'कॉमन'चा अर्थ एका शब्दात उरकू नये. सामाईक, नेहमीचे आणि हलके हे तिन्ही अर्थ उदाहरणांसह सांगावेत. आणि कोणी एखादी वस्तू, जमीन किंवा संस्कृती 'सर्वांची' म्हणू लागला, तर त्या 'टू'पुढे कोणाची नावे आहेत आणि कोणाची गाळली आहेत, हे विद्यार्थ्याला विचारायला शिकवावे.