पातेलं चुलीवरून उतरल्यावर

जानेवारी २०२३ मध्ये सांगलीच्या वानलेसवाडीतल्या शाळेत पोषण आहार खाऊन तीसहून अधिक मुलांना उलट्या-मळमळीचा त्रास झाला. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस जत तालुक्यात उमदीच्या आश्रमशाळेतली दीडशेहून अधिक मुले आजारी पडली. बाहेरच्या एका कार्यक्रमातले जेवण त्यांना वाढले होते, असे त्या वेळच्या बातम्यांत होते. असे काही घडले की पुढचा क्रम सहसा ठरलेला असतो. नमुने प्रयोगशाळेत जातात, चौकशी बसते आणि स्वयंपाकी ताईंचे प्रशिक्षण लागते. टोपी घाला, नखे कापा, साबणाने हात धुवा, धान्य निवडून घ्या. यातले काहीच चुकीचे नाही. बोटावरच्या जखमेतले जंतूसुद्धा अख्खा वर्ग आडवा करू शकतात. पण या शिकवणीचा सगळा भर पातेले चुलीवर असेपर्यंतच्या कामावर असतो, आणि धोका बराचसा ते उतरल्यावर सुरू होतो.

भाताचेच घ्या. मसालेभात असो, मूगडाळ खिचडी असो की पुलाव, पोषण आहाराचे मूळ धान्य तांदूळ. त्याच्याबरोबर मातीतला बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू येतो. रटरटत्या पाण्यात तो मरतो, त्याचे बीजाणू मात्र तग धरतात. भात ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम आहे तोवर ते गप्प असतात. कोमट झाला की रुजतात, वाढतात, आणि काही वेळा असे विष तयार करतात की भात पुन्हा उकळला तरी ते जात नाही. ‘गरम करून वाढलं होतं’ हा खुलासा इथे लागू पडत नाही. भाताला वास येत नाही, चवही बहुधा बदलत नाही, आणि उलट्या सुरू व्हायला तासापासून सहा तासांपर्यंत कितीही वेळ लागतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बायका जन्मभर रांधत आल्या, फोडणीचा भात खाऊन पिढ्या वाढल्या, मग हे नवे शास्त्र कशाला? फोडणीच्या भाताने कुणाचे काही बिघडले नाही, हे गृहीतच जरा सोयीचे आहे. बिघडले तेव्हा आपण उन्हाला बोल लावला. पण खरा फरक मापाचा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे, म्हणजे २०० मुलांना २० किलो तांदूळ. घरचा अर्धा किलो भात लवकर निवतो. वीस किलोचा कडेने गार लागतो आणि मध्ये तासन्‌तास कोमट राहतो. खेड्यातल्या शाळेत निदान चूल आणि पंगत एकाच आवारात असतात. शहरात एकाच स्वयंपाकघरातून टेम्पो निघतो आणि शाळा घेत घेत जातो. मोठे स्वयंपाकघर आधुनिक, तिथे देखरेख सोपी, हे मान्य. पण तिथला डबा भल्या पहाटे भरला आणि मधल्या सुट्टीत उघडला, तर चकचकीत स्टीलचा काय उपयोग? शिवाय एक चूक एकदम अनेक शाळांत पोचते. वसतिगृहांत हाच प्रश्न उरलेल्या अन्नाचा होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले तेव्हापासून त्या जिल्ह्याला मोठ्या पंगतींची सवय आहे. दुपारचे रात्री वाढायचे की टाकायचे, हा निर्णय तिथे रोज कुणाला तरी घ्यावा लागतो.

तो कुणी घ्यायचा, इथे प्रशिक्षण अडते. वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखावे असा नियम आहे, आणि तो हवाच. मात्र जिभेला जंतू कळत नाहीत. जिथे कळते तिथेही ऐकणारा लागतो. बिहारमध्ये धर्मासती गंडामनला जुलै २०१३ मध्ये कीटकनाशक मिसळलेल्या तेलातले जेवण खाऊन २३ मुले दगावली. तेलाबद्दल स्वयंपाकिणीने आधीच शंका काढली होती, असे तेव्हा पुढे आले. पुढे मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली. त्या स्वयंपाकिणीला शिकवण्यासारखे काय उरले होते? महाराष्ट्रात हे काम तुटपुंज्या मानधनावर चालते. त्या मानधनावरची बाई वीस किलो भात ओतून देण्याचा निर्णय एकटीने घेईल, ही अपेक्षा करणाऱ्याने स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहावे.

तेव्हा शिकवायचे तर मुख्याध्यापकांना, बचत गटाच्या प्रमुखांना आणि टेम्पोची वेळ ठरवणाऱ्यालाही. हॉटेलांतही आचाऱ्याला टोपी घालून भागत नाही. सकाळची ग्रेव्ही रात्री वापरायची की नाही, ते मालक ठरवतो. खर्चाचे कारण फारसे टिकत नाही: अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि पातेले उतरल्याची व वाढल्याची वेळ वहीत लिहायला पैसे पडत नाहीत. वह्या नुसत्या भरल्या जातील, ही शंका जास्त खरी आहे. त्यावर उपाय वहीबाहेरच शोधावा लागेल. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या प्रशिक्षणात २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक ही कल्पना आहे. शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेत जास्तीत जास्त दोन ताई असतात, त्यामुळे हे गणित एका शाळेत बसत नाही. दहा-बारा शाळांच्या केंद्रात मात्र चपखल बसते. तिथे एक माणूस असा नेमावा, की ताईने फोन करून ‘आजचा भात वाढू नये’ म्हटले तर तो तिच्या बाजूने उभा राहील, आणि त्या दिवशी मुलांना शेंगदाणे-गूळ, केळी देण्याची सोय त्याच्या हातात असेल.