जुन्या वाहनाचे सुटे भाग

नवें वाहन घेतांना गिऱ्हाईक एकदांच विचार करतें. जुनें वाहन ज्याच्या घरीं आहे त्याला मात्र दर दोन-चार महिन्यांनीं विचार करावा लागतो. आज क्लचची वायर तुटली, उद्यां ब्रेकचें लायनर झिजलें, परवां एंजिनांतून तेल गळूं लागलें. आणि प्रत्येक वेळीं प्रश्न एकच, हा भाग आणावा कोठून? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे. आधीं तालुक्याचें दुकान, तेथें न मिळाल्यास जिल्ह्याचें, आणि तेथेंहि न मिळाल्यास नागपूर. हल्लीं मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवलें कीं दिल्लीचें काश्मीरी गेट आणि पुण्याची नाना पेठ हीं दोन्ही घरांत येऊन उभीं राहतात, भाव तालुक्याच्या भावाहून कमी दिसतो आणि माल घरपोंच मिळतो. मग तालुक्याच्या दुकानदाराकडे जावें तरी कशाला, असें पुष्कळांस वाटूं लागलें आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर हें चांगलें ठिकाण आहे. तालुक्याचें गांव असलें तरी ती कांहीं मोठी पेठ नव्हे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता जामवरून जातो आणि तेथूनच चंद्रपूरचा रस्ता फुटतो. समुद्रपूर त्या नाक्यापासून थोडें आंत आहे. हिंगणघाटची जुनी कापसाची पेठ जवळ, वर्धा त्याहून लांब आणि नागपूर आणखी लांब. सभोंवार काळी जमीन. कापूस, सोयाबीन आणि तूर. पावसाळ्यांत या जमिनीचा चिखल चाकांच्या ड्रममध्यें आणि वायरींच्या नळ्यांत जाऊन बसतो व त्या भागांचें आयुष्य निम्म्यावर आणतो. अशा गांवीं जुनें वाहन बाळगणें ही हौस नसते. शेतावर डबा नेणें, मुलांना शाळेंत पोंचविणें, आजाऱ्याला दवाखान्यांत नेणें हीं सारीं कामें त्याच एका वाहनावर होतात. तें बंद पडलें कीं घराचा सगळा आठवडा विसकटतो.

उदाहरणादाखल चेतक स्कूटर घ्यावी. पियाजिओ या इटालियन कंपनीनें १९४६ सालीं व्हेस्पा काढली. तिच्याशीं करार करून बजाज कंपनीनें १९६१ पासून ती भारतांत बनविण्यास आरंभ केला, आणि करार संपल्यानंतर १९७२ सालीं त्याच घडणीची चेतक बाजारांत आणली. टपालाचा पिनकोड सुरू झाला तोहि त्याच वर्षाच्या १५ ऑगस्टला. म्हणजे आज वर्धेकडचीं पार्सलें ज्या ४४२ या आंकड्यांवरून वाट काढतात ते आंकडे आणि ही स्कूटर एका वयाचीं आहेत! पुढें तीस वर्षांहून अधिक काळ चेतक निघत राहिली. २००९ च्या डिसेंबरांत कंपनीनें स्कूटरचा धंदाच सोडत असल्याचें जाहीर केलें. तेव्हां आज रस्त्यावर दिसणारी पेट्रोलची चेतक कितीहि तरुण म्हटली तरी पंधरा-वीस वर्षांची आहे. त्यांत भर अशी कीं २०२० मध्यें त्याच कंपनीनें त्याच नांवाची विजेवर चालणारी स्कूटर विक्रीस आणली. आंतरजालावर नुसतें 'चेतक' लिहून शोध घेणाऱ्यापुढें आजीसाठीं नातीचे भाग येऊन पडण्याचा संभव असतो.

जुन्या चेतकांतहि आपसांत भेद आहेत. एकीच्या ठिणगीला पॉइंट लागतो, दुसरीला सीडीआय. एकीचे दिवे ६ व्होल्टचे, दुसरीचे १२ व्होल्टचे. आणि अखेरच्या काळांत निघालेल्या कांहींचें एंजिन टू-स्ट्रोक नसून फोर-स्ट्रोक आहे. सहा व्होल्टचा दिवा बारा व्होल्टच्या गाडीला लावला तर क्षणांत जळून जातो. उलट केलें तर तो मिणमिणतो आणि रात्रीं समोरचा खड्डा दिसत नाहीं. विक्रेत्याच्या यादींत मात्र 'चेतकसाठीं' एवढाच उल्लेख असतो.

येथेंच या सबंध प्रश्नाचें मर्म आहे. सुट्या भागाच्या खरेदींत वस्तूपेक्षां तिची ओळख पटविणें हें काम अवघड असतें. तालुक्याच्या दुकानीं गिऱ्हाईक तेलकट कागदांत गुंडाळलेला मोडका भाग पुढें ठेवतें. दुकानदार तो उलटसुलट करून पाहतो, दांते मोजतो, गाडी कोणत्या सालची तें विचारतो, आंतून दोन डबे आणतो आणि जुन्याशेजारीं नवा भाग ठेवून दाखवितो. या पांच मिनिटांची निराळी आकारणी बिलांत नसते. ती भागाच्या किंमतींतच मिसळलेली असते. आंतरजालावर तीच वस्तु पुष्कळदां स्वस्त पडते याचें एक कारण असें कीं, ओळख पटविण्याचें काम तेथें गिऱ्हाइकाच्या गळ्यांत टाकलेलें असतें.

तें काम गिऱ्हाइकाला साधण्यासारखें कोठें असतें? ज्या भागाची ओळख त्याच्या अंगावरच आंकड्यांनीं कोरलेली असते तेथें. बेअरिंग हें याचें उत्तम उदाहरण. त्यावर ६२०४ असा आंकडा असला तर अखेरच्या ०४ ला पांचांनीं गुणावें; आंतील भोंक २० मिलिमीटरचें ठरतें. बाहेरचा व्यास ४७ आणि रुंदी १४ मिलिमीटर असते, मग तें बेअरिंग पुण्याचें असो कीं जपानचें. मात्र आंकड्यापुढचीं अक्षरेंहि वाचावीं. सी३ असें असल्यास आंतली फट नेहमींपेक्षां अधिक असते. एंजिनांत सी३ सांगितलें असतां साधें बेअरिंग बसविलें तर तापल्यावर तें आवळतें. ऑइल सीलवरहि दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आंकडे असतात. टायरवर ३.५०-१० असें असेल तर पहिला आंकडा रुंदीचा व दुसरा रिंगच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. हे भाग नामांकित कारखान्याचे असून विक्रेता भरंवशाचा असल्यास दुरून मागविण्यांत मोठा धोका नाहीं.

रबरी वस्तूंच्या बाबतींत एवढी सावधगिरी ठेवावी कीं, रबर फळीवर पडल्या पडल्याहि म्हातारें होतें. टायरच्या कडेला चार आंकडे ठसविलेले असतात. ३५२४ याचा अर्थ २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. हा शिक्का दुकानांत डोळ्यांनीं पाहतां येतो. आंतरजालावरच्या चित्रांत तो सहसा दिसत नाहीं.

आंकड्यांचीहि फसवणूक असते. स्पार्क प्लगचेंच पहा. एनजीके कंपनीच्या प्लगवर आंकडा जितका मोठा तितका प्लग थंड; बॉशच्या प्लगवर नेमकें उलट, मोठा आंकडा म्हणजे प्लग गरम. एका कंपनीचा सात दुसऱ्या कंपनीचा सात समजून मागविणाऱ्याची गाडी एक तर काजळी धरते, नाहीं तर अति तापून पिस्टन बिघडविते. आट्यांची लांबी चुकली तर त्याहून वाईट. लांब आट्यांचा प्लग आंत जाऊन पिस्टनवर आपटूं शकतो.

पिस्टनची गोष्ट आणखी निराळी आहे. टू-स्ट्रोक चेतकचा मूळ बोअर ५७ मिलिमीटरचा. पण जुन्या गाडीचा सिलिंडर एक-दोनदां तरी लेथवर चढलेला असतो आणि त्यामुळें तो मूळ मापाचा राहिलेला नसतो. आधीं सिलिंडर मोजणें, त्यावरून वाढीव मापाचा पिस्टन ठरविणें, पिस्टन हातांत आल्यावर त्याच्या बेतानें सिलिंडर कापणें, असा त्या कामाचा क्रम आहे. दोहोंमधली फट मिलिमीटरच्या शतांशांनीं मोजावी लागते. ती कमी राहिली तर तापलेलें एंजिन एकाएकीं जाम होतें आणि चालत्या गाडीचें मागचें चाक अडकतें. असा पिस्टन चित्र पाहून मागविण्यांत शंभर-दोनशें रुपये वांचतील, पण मिस्त्री, लेथवाला आणि दुकानदार या तिघांची जबाबदारी एकमेकांवर ढकलली जाऊन अखेर ती मालकाच्याच डोक्यावर येईल.

ब्रेकच्या बाबतींत तर दुसरा विचारच करूं नये. लायनर लोखंडी बुटावर चिकटविलेलें असतें. चिकटविण्याचें काम कच्चें असेल तर तें ड्रमच्या आंत सुटतें. मग एक तर चाक अडकतें, किंवा पायाखालचा ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाहीं. समुद्रपुराहून जामच्या हमरस्त्यावर येणाऱ्या दुचाकीच्या मागें-पुढें मालाचे ट्रक असतात, आणि तिच्यावर पुष्कळदां मूल बसलेलें असतें. ब्रेकचा भाग ज्याच्याकडे परत जाऊन जाब विचारतां येतो अशा दुकानांतून, कारखान्याच्या सीलबंद डब्यांतला आणि बिलासह घ्यावा.

याचा अर्थ तालुक्याचा दुकानदार म्हणजे धर्मराज असा मात्र नव्हे. नकली माल त्याच्याहि फळीवर असतो. कांहीं ठिकाणीं दुकानदार विचारतोहि, 'ओरिजिनल देऊं कीं लोकल?' कित्येक मिस्त्रींचें दुकानाशीं कमिशन बांधलेलें असतें आणि तें गिऱ्हाइकाच्याच खिशांतून जातें. बिल मागितलें कीं भाव चढतो, हाहि अनुभव नवा नाहीं. मोटारींच्या सुट्या भागांवरील जीएसटी २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून सरसकट १८ टक्के झाला; तो वांचविण्यासाठीं जो बिल सोडतो तो माल बदलून मागण्याचा आपला पुरावाच सोडतो. डब्यावर कारखान्याचें नांव व पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असावी असा कायदा आहे. प्रसिद्ध नांवांतलें एखादें अक्षर बदललेले डबे दोन्ही बाजारांत भेटतात. चष्मा लावून नांव वाचणें हा त्यावरचा साधा उपाय.

दूरच्या बाजाराच्या बाजूनेंहि सांगण्यासारखें बरेंच आहे. ज्या मालाला महिन्यांत एकहि गिऱ्हाईक नाहीं तो लहान दुकानदार ठेवणार कसा? चेतकच्या हेडलाइटची चौकट, बाजूच्या डब्याची कडी, मीटरची वायर असल्या वस्तु समुद्रपुरांत वर्षांतून एखाद्यालाच लागतील. सबंध देशाचें गिऱ्हाईक ज्याच्यापुढें आहे त्यालाच त्या ठेवणें परवडतें, आणि अशा भागांसाठीं आंतरजाल हें खरोखर वरदान आहे. परंतु याला एक दुसरी बाजू आहे. लहान दुकान चालतें तें तेल, वायरी, प्लग, ट्यूब असल्या रोज खपणाऱ्या मालावर. त्या कमाईवर दुकानदार कचित् खपणारे भाग फळीवर सांभाळतो. गिऱ्हाइकांनीं सोपा माल बाहेरून आणला आणि अडलेला भाग तेवढा गांवांत मागितला, तर तो भाग ठेवणारें दुकान कांहीं वर्षांत उरणार नाहीं. पेरणीच्या ऐन आठवड्यांत वायर तुटली म्हणजे पार्सलाची चार दिवस वाट पाहणें केवढ्याला पडतें, हें मग कळेल.

फसवणूक झालीच तर कायदा आतां गिऱ्हाइकाला पूर्वींइतका दूर राहिलेला नाहीं. एके काळीं व्ही.पी.नें आलेलें पार्सल पैसे भरून सोडवावें आणि आंत भलतीच वस्तु निघाल्यास कपाळावर हात मारावा, एवढेंच हातीं असे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें गिऱ्हाइकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यांत तक्रार करण्याची मुभा दिली. दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध समुद्रपूरचा मनुष्य वर्ध्याच्या आयोगाकडे जाऊं शकतो. २०२० च्या नियमांप्रमाणें आंतरजालावरील बाजारानें विक्रेत्याचें नांव-पत्ता व माल कोणत्या देशाचा तें दाखवावें, तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्यांत तिचा निकाल लावावा. अर्थात् हे उपाय वस्तु न वापरतां ठेवली तरच सोपे. भाग एकदां पान्यानें आवळून, तेल लागून निघाला कीं विक्रेता तो परत घेण्यास कुरकुरणारच. म्हणून पार्सल फोडतांना जुना भाग शेजारीं ठेवावा, दोहोंचें माप घ्यावें आणि मगच मिस्त्रीच्या हातीं द्यावा.

मोठ्या कारखान्यांनीं भाग खुल्या बाजारांत येऊंच दिले नाहींत तर गांव आणि आंतरजाल दोन्ही सारखेच लंगडे होतात. याच मुद्द्यावर २०१४ च्या ऑगस्टांत भारतीय स्पर्धा आयोगानें १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारें २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढें तें प्रकरण अपिलांत गेलें. जुन्या स्कूटरवाल्यांची स्थिति त्या मानानें बरी, कारण तिचे भाग बनविणारे लहान-मोठे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांत अस्सल कोण आणि भुसा कोण, एवढेंच निवडावें लागतें.

दोन्ही बाजारांचा मेळ घालणारी एक रीत लहान गांवांत सहज पाळतां येते. दुर्मिळ भाग गिऱ्हाइकानें स्वतः न मागवितां दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊन त्याच्याकडून मागवावा. वर पन्नास-शंभर रुपये जातात. पण भागाचा नंबर तो पाहतो, चुकीचा आला तर परत तो पाठवितो, आणि बरोबर आला तर त्याच फळीपुढें जुन्याशेजारीं ठेवून दाखवितो.