कार्यत्वहेतू आणि वारुळाचा दृष्टांत
नैयायिकांचे ईश्वरानुमान प्रसिद्धच आहे: पृथ्वी, अंकुर इत्यादी कार्ये होत, कार्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार, म्हणून जगालाही कर्ता असला पाहिजे. सातव्या शतकात धर्मकीर्तीने या व्याप्तीवरच आघात केला. वारूळही मातीचाच विकार. मग तेही कुंभारानेच घडविले काय? ‘कार्य’ हा शब्द समान असला, तरी घट पाहून होणारे कर्त्याचे ज्ञान पर्वत पाहून होत नाही. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत कर्तृत्वास शरीर आवश्यक नसल्याचे प्रतिपादिले. परंतु वारुळाचा आक्षेप तेवढ्याने मिटत नाही. १८५९ मध्ये डार्विनने नैसर्गिक निवडीचे तत्त्व सविस्तर मांडले आणि सजीवांच्या रचनेला कर्त्यावाचून कारण मिळाले. धर्मकीर्तीच्या आक्षेपाला मात्र अशा पर्यायी कारणाची अपेक्षाच नव्हती.