दुसऱ्या अटेम्प्टला गुण वाढतात का?

जेईई मेन 2019 पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होते आणि त्यातला चांगला स्कोअर यादीसाठी धरतात. साहजिकच घरोघरी विचारलं जातं, दुसऱ्यांदा बसून फायदा होतो का? शेजारच्या मुलाचा निकाल पाहून हे कळत नाही. त्यासाठी पेअर्ड टी-टेस्ट आहे.

मुलामुलांत मुळातच एवढा फरक असतो, की त्या गर्दीत सरावाने पडलेला फरक दिसेनासा होतो. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच करायची. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 1908 साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ही वाट दाखवली. त्यांनी दहा रुग्णांची झोप दोन औषधांनी किती वाढली ते घेतलं आणि दोन्हींतला फरक रुग्णागणिक तपासला.

समजा, आठ मुलांनी शंभर गुणांचा सराव पेपर दोनदा दिला. दुसऱ्या खेपेला पडलेला फरक असा: 6, उणे 2, 9, 4, 0, 7, उणे 3, 11. सरासरी वाढ 4 गुण. क्लासच्या जाहिरातीला एवढं पुरेल. पण फरकांची आपसातली ओढाताण मोजून त्या मानाने ही वाढ पाहिली, तर टी येतो 2.18. आठ जोड्यांसाठी पाच टक्क्यांच्या पातळीवर 2.365 ओलांडावं लागतं. म्हणजे ही वाढ नुसत्या योगायोगानेही दिसू शकते.

आता याच मुलांचा ‘दोन्हींतला चांगला’ गुण घ्या. दोन्ही उण्यांच्या जागी शून्य आलं, सरासरी 4.6 झाली आणि टी थेट 3.01! मुलांनी एक अक्षरही जास्त लिहिलेलं नाही. चांगलाच गुण ठेवायचा म्हटल्यावर फरक उणे जाणारच कसा? अशा आकड्यांवर ही चाचणी लावणं मला सरळ चुकीचं वाटतं.

प्रामाणिक आकड्यांवरही चाचणी ‘वाढ झाली’ एवढंच सांगते, कशामुळे ते नाही. पुन्हा बसतात ती बहुधा पहिला पेपर बिघडलेली मुलं. त्या दिवशी ताप असेल, वेळ पुरला नसेल. पुढच्या वेळी ती काही न करताही थोडी वर येतात. त्यामुळे रिपीटर बॅचची फी भरण्याआधी पालकांनी क्लासकडे सगळ्या मुलांचे दोन्ही वेळचे गुण मागावेत, घसरलेल्यांचेसुद्धा, आणि घरीच अभ्यास करून पुन्हा बसलेल्यांचे किती वाढले तेही विचारावं.