बदललेला फोन मूळपदावर आणणे



कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत मोबाईलच्या सॉफ्टवेअरवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण चकलांब्याहून आणि गेवराई तालुक्यातल्या इतर गावांहून दसरा-दिवाळीच्या सुमारास जी जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, त्यांना कोयत्याइतकाच आज फोनही लागतो. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना पैसे पाठवायचे ते फोनवरून. २०१६ साली यूपीआय आले आणि हा रिवाज पडत गेला. हा फोन पुष्कळदा शहरातून जुना घेतलेला असतो, आणि अडचण तिथून सुरू होते. गाणी वाजतात, व्हिडिओ दिसतो; बँकेचे ॲप मात्र फोन सुरक्षित नसल्याचे सांगून बंद पडते. माणूस म्हणतो, फोन बिघडला. तो बिघडलेला नसतो. आधीच्या मालकाने मूळ सॉफ्टवेअर काढून दुसरे घातलेले असते, किंवा मूळ ठेवून त्यावर 'रूट' नावाचा सर्वाधिकार मिळवलेला असतो.

असे करणारा प्रत्येक जण लबाड, असे आम्ही मानत नाही. स्वस्त फोनला कंपन्या पुष्कळदा दोन-तीन वर्षे सुधारणा देतात आणि मग हात झटकतात. यंत्र धडधाकट, पण त्याच्यासाठी नवे काही येत नाही. अशा वेळी लिनिएज ओएससारखे, २०१६ च्या अखेरीस सुरू झालेले आणि स्वयंसेवकांनी चालवलेले सॉफ्टवेअर घालून कित्येकांनी आपले फोन जगवले. हत्यार ज्याचे त्याने ते दुरुस्त करावे, हा हक्क आम्हांला मान्य आहे. नोकरीच्या कामासाठी मिळालेल्या फोनला मात्र असा हात लावू नये. तो आपला नव्हे. २०२१ साली राज्यभर अंगणवाडी ताईंनी कुचकामी ठरलेले फोन सरकारला परत केले, ती रीत बरोबर होती.

आता एक गैरसमज. सेटिंगमधले 'फॅक्टरी रिसेट' दाबले की फोन मूळचा होतो, असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. रिसेटने फक्त आपली माहिती पुसली जाते. खाली जे सॉफ्टवेअर असेल तेच राहते. घरातले सामान बाहेर काढून झाडलोट केली, म्हणून भिंती बदलत नाहीत.

भिंती बदलायच्या तर कुलूप समजून घेतले पाहिजे. फोन सुरू होताना बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी आली की कारकून आधी चिठ्ठी पाहतो, तसा हा पुढच्या सॉफ्टवेअरवर कंपनीची सही आहे की नाही ते पाहतो. हे कुलूप उघडले, म्हणजे सहीविना आलेल्या गाडीलाही वाट मिळते. म्हणूनच असा फोन सुरू करताना पडद्यावर इशारा उमटतो. बँकेचे ॲप गूगलच्या 'प्ले इंटिग्रिटी' या तपासणीकडून हीच खबर घेते. तेव्हा नुसते मूळ सॉफ्टवेअर घालून भागत नाही. शेवटी कुलूपही लावावे लागते. आणि सारा धोका आहे तो या शेवटच्या कुलपात.

कुलूप लावण्यापूर्वी आत घातलेले सॉफ्टवेअर त्याच मॉडेलचे, त्याच देशाच्या आवृत्तीचे आणि संपूर्ण असले पाहिजे. नाव सारखे दिसते म्हणून भावंड-मॉडेलचे घातले, किंवा चीनसाठी बनलेल्या यंत्रात दुसऱ्या देशाचे घालून कुलूप लावले, की फोन सुरू व्हायचे नाकारतो. मग आत शिरायला वाटही उरत नाही. शाओमीच्या 'मी फ्लॅश' या साधनात खाली पर्याय असतात. त्यांतला 'क्लीन ऑल अँड लॉक' आधीच निवडलेला असू शकतो. तो बदलून प्रथम 'क्लीन ऑल' घ्यावा, फोन नीट सुरू होतो, आवाज जातो-येतो हे पाहावे, आणि मगच कुलपाचा विचार करावा. सॅमसंगचे साधन 'ओडिन'. तिथे चार फाइली भरतात आणि मॉडेलचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळावा लागतो.

दुसरा खड्डा मागे जाण्याचा. जुने सॉफ्टवेअर हलके म्हणून तेच घालावे, असा मोह होतो. पण पुष्कळ फोनांत आवृत्तीचा आकडा कायमचा नोंदलेला असतो आणि त्याखालचे सॉफ्टवेअर घातले की फोन मरतो. २०१८ साली आपल्याकडे खूप खपलेल्या रेडमी नोट ५ प्रोवर हे पुष्कळांनी भोगले. आज आहे तीच किंवा तिच्या पुढची आवृत्ती घ्यावी.

कामाआधी फोटो व नंबर दुसरीकडे उतरवून घ्यावेत, कारण कुलूप उघडताना आणि लावताना दोन्ही वेळा सारे पुसले जाते. गूगल खाते फोनमधून काढावे, नाहीतर नंतर फोन जुनाच पासवर्ड मागत बसतो. बॅटरी निम्म्याहून जास्त, केबल चांगली. बाकी काम अर्ध्या तासाचेही नाही.

सगळेच परत येते असे नव्हे. सॅमसंगच्या पुष्कळ फोनांत नॉक्स नावाचा एक फ्यूज असतो. परके सॉफ्टवेअर घातले की तो एकदाच उडतो आणि कोणत्याही उपायाने जुळत नाही. सुरक्षित फोल्डरसारख्या सोयी कायमच्या जातात. असा फोन विकत घेताना किंमत तशीच पाडून मागावी.

आयएमईआय मात्र जपावा. आधी *#०६# दाबून तो पंधरा आकडी क्रमांक कागदावर उतरवावा आणि काम झाल्यावर ताडून पाहावा. क्रमांक हरवला तर सिम चालत नाही. 'बदलून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराकडे जाऊ नये. जाणूनबुजून तो बदलणे गुन्हा आहे. कंपनीच्या सेवा केंद्रातच जावे.

सारे जुळले की बँकेचे ॲप नव्याने नोंदवावे लागते. त्याला बँकेत नोंदलेले सिम त्याच फोनमध्ये हवे, आणि डेबिट कार्ड किंवा आधार हाताशी हवे. तेव्हा हे काम टोळी निघण्यापूर्वी, गावात असतानाच उरकावे, आणि घरच्यांच्या खात्यावर एक रुपया पाठवून पाहावा.