सुरांचा छापखाना : डब्लिनचे नील पितापुत्र

आज एक साधा प्रश्न घेऊ. चाल कुठे असते? कागदावर, की वाजवणाऱ्याच्या बोटांत?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डब्लिनमध्ये जॉन नील आणि त्याचा मुलगा विल्यम यांचं ख्राइस्ट चर्चच्या आवारात दुकान होतं. वाद्यं विकायची, संगीत छापून विकायचं, हा धंदा. 1724च्या सुमारास त्यांनी प्रसिद्ध आयरिश चालींचा एक संग्रह छापला. केवळ आयरिश संगीताचा हा पहिला छापील संग्रह मानला जातो.

आता त्या काळची पद्धत बघा. धातूच्या पत्र्यावर स्वरलिपी उलटी कोरायची. शाई भरायची, वरची पुसून टाकायची, आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांमधून दाबून काढायचा. फायदा असा की पत्रा जपून ठेवला तर गिऱ्हाईक येईल तशा थोड्या थोड्या प्रती काढता येतात. छोट्या दुकानदाराला हेच परवडणारं.

या संग्रहात टरलॉ कॅरोलनच्या बऱ्याच चाली आहेत. कॅरोलन हार्प वाजवत गावोगाव फिरायचा. तरुणपणी देवीच्या रोगात त्याची दृष्टी गेली होती. पुस्तक निघालं तेव्हा तो हयात होता. पण स्वतःचीच चाल त्याला कागदावर वाचता येणार नव्हती! शिवाय नीलांनी त्या चाली व्हायोलिन, बासरी, ओबो वाजवणाऱ्यांसाठी छापल्या, कारण विकत घेणारे तेच. हार्पची तार सुटली, गाण्यांचे शब्दही सुटले. आपल्याकडे गाणं शिकलेल्यांना हे लगेच कळेल. स्वरलिपी म्हणजे राग नव्हे.

मग छापून काय साधलं? हार्पवाल्यांची परंपरा पुढे क्षीण झाली. कागद मात्र टिकला. त्या संग्रहाची आज एकच प्रत ज्ञात आहे, बेलफास्टला.

आणि विल्यम नुसत्या कागदावर थांबला नाही. कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना सोडवणाऱ्या एका संगीतसंस्थेचा तो खजिनदार होता. तिच्यासाठी त्याने फिशँबल स्ट्रीटवर सभागृह उभं केलं. 1741मध्ये ते खुलं झालं. 13 एप्रिल 1742 रोजी तिथेच हँडेलचा ‘मसाया’ पहिल्यांदा सादर झाला. त्या पैशांतून 142 कर्जदार सुटले.

म्हणजे छापणाऱ्याने आपल्या प्रश्नाचं उत्तर आयुष्यानेच दिलं. चाल जपायला कागद लागतो. पण ती जिवंत व्हायला वाजवणारे हवेत, ऐकणारे हवेत, आणि त्यांना एकत्र बसायला छप्पर हवं.