पहाट नावाचे वीजघर

‘पीतापन’ हा शब्द मराठी कानाला पिवळेपणाचा वाटेल. पण तो आहे क्री भाषेतला, आणि त्याचा अर्थ आहे पहाट. क्री ही कॅनडातील मूलनिवासींची एक मोठी जमात. तिच्यातल्या लुबिकॉन नावाच्या शाखेने 2015 साली आपल्या गावात एक वीजघर उभारले आणि त्याला हे नाव दिले. वीजघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच धुराडी येतात, नाहीतर कोयनेसारखा पोखरलेला डोंगर. इथे तसे काही नाही. मोकळ्या मैदानात खांबांवर तिरपी बसवलेली 80 निळसर-काळी तावदाने, एवढेच. सगळी मिळून शक्ती 20.8 किलोवॅट. आपल्याकडच्या हजार वॅटच्या इस्त्र्या घेतल्या, तर एका वेळी वीस तापतील. एकविसावी मात्र थंडच राहील.

मग एवढ्याशा गोष्टीचे कौतुक ते काय? ते कळायला थोडे मागे जावे लागेल.

गावाचे नाव लिटल बफेलो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, उत्तरेकडच्या जंगलात. 1899 साली राणी व्हिक्टोरियाच्या नावाने सरकारी कमिशनर करारनामा घेऊन या मुलखात आले. ते नद्या-सरोवरांच्या वाटेने फिरले. लुबिकॉन लोक राहत होते आत, वाटेपासून दूर. त्यांच्यापर्यंत कोणी पोचलेच नाही. जमीन दिल्याचा कागद नाही, राखून ठेवल्याचाही नाही. 1939 साली सरकारने राखीव जमीन देण्याचे कबूल केले, मोजणीलाही सुरुवात झाली, आणि मग सारे थंडावले. सात-बाराच्या उताऱ्यासाठी ज्यांनी कधी कचेरीत हेलपाटे घातले असतील, त्यांना पुढचे सांगायला नकोच.

तोवर निदान जंगल तरी होते. सापळे लावावेत, कातडी विकावीत, मूस नावाच्या अवाढव्य सांबराची शिकार करावी, असा संसार चालला होता. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिथे पक्का रस्ता आला. आपल्याला रस्ता आला की आनंद होतो. इथे रस्त्यामागून तेलाच्या विहिरी आल्या, आणि त्या शेकड्यांनी आल्या. जनावरे पळाली. चार-पाच वर्षांत मूसची शिकार दहाव्या हिश्शावर आली आणि स्वतःच्या हिमतीवर जगणारी बहुतेक घरे सरकारी मदतीवर आली. जमिनीतून अब्जावधी डॉलरांचे तेल निघत होते, आणि त्याच जमिनीवरच्या कित्येक घरांत पाण्याचा नळ नव्हता!

लोक गप्प बसले नाहीत. 1988 मध्ये कॅल्गरीला हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा त्यांचे प्रमुख बर्नार्ड ओमिनायाक यांनी बहिष्काराची हाक दिली; त्याच वर्षी रस्तेही अडवले. 1990 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार समितीने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. विहिरी मात्र चालूच राहिल्या.

29 एप्रिल 2011 रोजी गावाजवळची तेलवाहिनी फुटली. सुमारे 28,000 पिंपे तेल सांडले. शाळेतल्या मुलांची डोकी दुखू लागली, मळमळू लागले; शाळा बंद ठेवावी लागली.

याच गावची लेक मेलिना लबुकान-मासिमो. तेलाविरुद्ध बोलण्यात तिची कित्येक वर्षे गेली होती. 2012 साली अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन तिने साक्षही दिली. पण ‘हे नको, ते नको’ असे सांगणाऱ्याला लोक एक प्रश्न हटकून विचारतात: मग हवे तरी काय? व्हिक्टोरिया विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यास करत असताना मेलिनाबाईंनी या प्रश्नाचे उत्तर प्रबंधात लिहून न थांबता गावात उभे करायचे ठरवले. गावातल्या माणसांना तावदाने बसवण्याचे काम शिकवले. वीज द्यायची ती गावच्या दवाखान्याला. उरेल ती प्रांताच्या तारांवर चढवायची. त्या वर्षी अल्बर्टाची निम्मी वीज दगडी कोळशावर होत होती, हे ध्यानात घ्यावे.

त्या थंड मुलखात ऊन ते किती, अशी शंका येईल. हिवाळ्यात दिवस जेमतेम सात तासांचा असतो, खरे. पण उन्हाळ्यात तो सतरा तासांवर जातो. शिवाय ही तावदाने गारव्यात अधिक चांगली चालतात. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात ती तापून उलट थोडी सुस्तावतात!

एक उणे मात्र सांगायला हवे. पीतापनचा पैसा देणग्यांतून आला. देणाऱ्यांत सिनेनटी जेन फोंडाही होती. देणगीवर एक दवाखाना उजळेल, पण गावाचा प्रपंच चालेल काय?

त्यासाठी कॅनडाच्या पश्चिम टोकाला, व्हँकुव्हर बेटावर जाऊ. पोर्ट अल्बर्नी गावाशेजारी हूपाचासाथ नावाची छोटी जमात आहे. तिथे नैसर्गिक वायूवरचे विद्युतकेंद्र येऊ घातले होते. जमातीने विरोध केला, बेत बारगळला, आणि पुन्हा तोच प्रश्न आला: मग हवे काय? तेव्हाच्या प्रमुख ज्युडिथ सेयर्स या पेशाने वकील. जमातीने आपल्याच मुलखातले ओढे तपासून त्यांतला चायना क्रीक निवडला. मोठे धरण नाही; ओढ्याचे थोडे पाणी नळातून खाली सोडायचे, चक्र फिरवायचे, पाणी पुन्हा ओढ्यात. 2005 च्या अखेरीस 6.5 मेगावॅटचे हे केंद्र सुरू झाले. मालकीचे वाटप असे: हूपाचासाथांचे शेकडा साडेबहात्तर, शेजारच्या युक्लुलेट जमातीचे दहा, तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या कंपनीचे साडेबारा, आणि पोर्ट अल्बर्नी नगरपालिकेचे पाच. जमातीच्या धंद्यात नगरपालिका भागीदार, आणि तीही धाकटी! वीज विकत घेते प्रांताचे वीजमंडळ.

लुबिकॉन लोकांचा जमिनीचा तंटा 2018 च्या ऑक्टोबरात मिटला: 246 चौरस किलोमीटर जमीन, आणि केंद्राकडून 11 कोटी 30 लाख डॉलर. करारनाम्याचे कमिशनर चुकून पुढे गेले, त्याला तेव्हा 119 वर्षे झाली होती.

मेलिनाबाई पुढे दुसऱ्या जमातींकडेही तावदाने घेऊन गेल्या. ब्रिटिश कोलंबियात सेक्वेपेम्क लोकांनी नव्या तेलवाहिनीच्या वाटेवर चाकांवरची चिमुकली लाकडी घरे नेऊन उभी केली. त्यांच्या छपरांवरही ही तावदाने बसली.